टीएलडी बॅज, सर्व्हे मीटर आणि तुमचा आक्षेप

वेल्डची तपासणी किरणोत्सर्गी सोर्सने फिल्मवर चित्र घेऊन करतात, ती रेडिओग्राफी. त्या कामात प्रत्येक शॉटनंतर, म्हणजे फिल्मवर एक चित्र घेतल्यावर, सर्व्हे मीटरने (त्या जागचा किरणोत्सर्ग तिथल्या तिथे दाखवणारं हातातलं उपकरण) पाहणी करा, असं मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा सारांश असा: साइटवर इतकी वर्षं काढली, टीएलडी बॅजचा (अंगाला लागलेला किरणोत्सर्ग, म्हणजे डोस, नोंदवणारा बिल्ला) अहवाल कायम मर्यादेच्या आत आला, तेव्हा मी उगाच बागुलबुवा उभा करतोय. आणि प्रत्येक शॉटनंतर सर्व्हे मीटर घेऊन पाहणी करा, हे खुर्चीत बसून लिहायला ठीक आहे. रात्रभरात ढीगभर वेल्ड उरकायचे असतात तेव्हा ते जमत नाही.

अहवाल चांगला येतो याचं श्रेय तुमचंच. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) ही आंतरराष्ट्रीय शिफारस. शिस्तीत काम करणारा रेडिओग्राफर तिच्या बराच खाली राहतो. पण बॅज वाजत नाही. तो छातीवर बसून मुकाट डोस साठवतो, मग प्रयोगशाळेत जातो, आणि तिथून आकडा येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय तो आकडा छातीचा. बोटांनी काय सोसलं ते त्याला ठाऊकच नसतं.

बोटांचा हिशेब करून बघा. सोर्स एरवी कॅमेऱ्यात, म्हणजे किरण अडवणाऱ्या पेटीत असतो; शॉटच्या वेळी लांबून क्रँकचं हँडल फिरवून तो केबलने ट्यूबमधून वेल्डपर्यंत ढकलतात आणि मग परत ओढतात. 50 क्युरीचा (सोर्सची ताकद मोजायचं एकक) उघडा इरिडियम-192 सोर्स 1 मीटरवर तासाला साधारण 240 मिलिसिव्हर्ट देतो. म्हणजे वर्षाचे 20 मिलिसिव्हर्ट पाच मिनिटांत संपले. 10 मीटरवर हाच आकडा शंभरपटीने घटतो, म्हणून तर क्रँकची केबल लांब ठेवतात. आता उलट्या बाजूने जा: 1 सेंटीमीटरवर तो 1 मीटरच्या दहा हजार पट होतो, मिनिटाला सुमारे 40 ग्रे (इथे 1 ग्रे म्हणजे साधारण 1000 मिलिसिव्हर्ट). सोर्स ट्यूबच्या टोकाशीच राहिला असेल, तर ते टोक हातात धरून सरकवणाऱ्याची बोटं याच अंतरावर असतात. त्या वेळी साधा चटकाही बसत नाही. लाली, फोड, न भरणारी जखम हे सगळं दिवसांनी, आठवड्यांनी.

सोर्स आत आला की हँडलवर कळतं, असंही तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा कळत असेल. पण सोर्स केबलपासून सुटला तर केबल एकटीच मागे येते, आणि हाताला फरक जाणवेलच असं नाही. मीटरला जाणवतो. सोर्स परत येताना काटा उसळी घेतो आणि एकदम खाली बसतो. ती उसळीच दिसली नाही तर जागचं हलू नये.

राहिला वेळेचा प्रश्न. फिल्म बदलायला तुम्हाला तिथवर चालत जावंच लागतं ना? मग हातात मीटर घेऊन, काट्याकडे बघत जा. कॅमेऱ्याभोवती एकदा फिरवा, ट्यूबवरून टोकापर्यंत न्या. जादा लागले तर काही सेकंद. मीटर चालू आहे याची खात्री मात्र कामाआधीच करायची. सोर्स आत असतानाही कॅमेऱ्याच्या अंगावर थोडं वाचन मिळतंच. तिथे शून्य आलं तर मीटर बिघडलंय. काही जुने जीएम (गायगर-म्युलर) मीटर फार तीव्र क्षेत्रात गुदमरून शून्य दाखवतात, हेही ध्यानात असू द्या.

आणि मीटर फक्त आपल्यासाठी नसतं. 1984 मध्ये मोरोक्कोत मोहम्मदियाला असाच सुटलेला इरिडियम सोर्स एका वाटसरूने घरी नेला. आठ माणसं गेली. 1999 मध्ये पेरूत यानांगोला एका वेल्डरने पडलेला सोर्स उचलून खिशात टाकला, पुढे त्याचा पाय कापावा लागला. दोघांपैकी कोणीही रेडिओग्राफर नव्हता.

एक गोष्ट तुमची शंभर टक्के खरी: फिल्ममागे पैसे ठरले की घाई होणारच, आणि दोन टोळ्यांत एकच मीटर असेल तर दोष टोळीचा नाही. आणखी मीटर कंत्राटदाराकडून घ्या, लेखी मागा. सोबत किरणोत्सर्ग वाढला की वाजणारा डोसिमीटरही मागा.

काटा खाली येत नसेल तर काय, असं शेवटी विचारलंत. मागे सरा, जागा अडवणारी दोरी आणखी लांब बांधा, आत कोणी जाणार नाही असा पहारा बसवा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. सोर्स काढायचं काम लांब चिमटे आणि शिशाच्या पिशव्या असलेल्या, त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचं. हेल्परला "जरा बघून ये" म्हणून पाठवायचं नाही.