आयईएलटीएसच्या वाचन परीक्षेतील गुणकपातीबाबत खुलासा

आयईएलटीएस या इंग्रजीचे प्रावीण्य तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या वाचन विभागात चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, म्हणून शंका असलेले प्रश्न कोरे सोडावेत, असा संदेश परीक्षार्थींमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. या विभागात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात, बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला शून्य. त्यामुळे जागा कोरी ठेवून काहीच फायदा होत नाही, उलट मिळू शकणारा गुण हातचा जातो.

गुण खरोखर जातात ते वेगळ्याच ठिकाणी. दोनपेक्षा अधिक शब्द नकोत, अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, किंवा उताऱ्यातून उचललेल्या शब्दाचे स्पेलिंग चुकले (समोर छापलेले असूनही ते चुकते), तर आशय बरोबर असला तरी उत्तर चूक धरले जाते. दिलेले विधान उताऱ्याशी ताडून पाहायच्या प्रश्नांत ‘फॉल्स’ (उताऱ्याच्या विरुद्ध) आणि ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात माहितीच नाही) या उत्तरांतील गोंधळही नेहमीचाच. उताऱ्यातला दगडी पूल विधानात लाकडी ठरवला असेल, तर ते ‘फॉल्स’. पण विधान पुलाच्या खर्चाविषयी असेल आणि उतारा त्याबाबत गप्प असेल, तर ‘नॉट गिव्हन’, मग आपल्याला बाहेरून काहीही ठाऊक असो.

याच संदेशात उल्लेखिलेली व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका अस्तित्वात नाही. व्याकरण लेखन व संभाषण या विभागांत, चार निकषांपैकी एक म्हणून, तपासले जाते. त्यासाठी रिकाम्या जागा भरत बसण्यापेक्षा स्वतः लिहिलेले परिच्छेद जाणकाराकडून तपासून घेणे अधिक उपयोगाचे.