बाजारात तुरी

आमच्या अमेरिकेतल्या ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये अकरा जण होते, बाराव्याची जागा रिकामी होती. मला विचारायला आले ते अर्थात इंग्रजीतून. मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, "बाराव्याला याल का?", आणि अशा ठिकाणी नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही म्हणून हो म्हणून बसले. पुढचं सगळं पाहता भाषांतर फारसं चुकलं नव्हतं.

ड्रीम११मुळे हा प्रकार भारतात आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खरे खेळाडू खऱ्या मैदानात धावतात, आपण सोफ्यावर बसून त्यांच्या धावण्याचे गुण मोजतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पळालं की एक गुण, चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला, की सहा, आणि आमच्या लीगमध्ये नुसता पास झेलला तरी एक. इथवर ठीक होतं. पण आमची लीग 'डायनॅस्टी' निघाली. म्हणजे एकदा घेतलेला खेळाडू तो निवृत्त होईपर्यंत किंवा तुम्ही विकेपर्यंत तुमचाच. दर वर्षी पाटी कोरी होत नाही. एखादा मालक लीग सोडून गेला, तर त्याच्या मागे राहिलेल्या संघाला 'ऑर्फन' म्हणतात. आमच्यातला एक जण नोकरी बदलून टेक्ससला गेला आणि त्याचं अनाथ पोर माझ्या पदरात पडलं.

पोर कसलं, सगळे आजोबाच होते. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या सव्वा-सव्वा क्विंटलच्या माणसांत घुसणारे वीर. ते सत्ताविशीनंतर उतरणीला लागतात असं या धंद्यात धरून चालतात. माझ्या वाट्याला आलेल्या एकाबद्दल एका जाणकाराने लिहिलं होतं : वय २९, उतारवय, येईल त्या भावाला विकून मोकळे व्हा. (त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की त्याचा पाय मुरगळतो, हे दोनदा सिद्ध झालंय.) मी एक्कावन्न वर्षांची आहे. ती ओळ मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. फोनवरची मान वर करून त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

त्या संघाचं पहिल्या हंगामात व्हायचं तेच झालं, आम्ही शेवटचे आलो. आमच्यात शेवटच्याला शिक्षा असते. रात्रंदिवस उघड्या असलेल्या डायनरमध्ये चोवीस तास बसायचं, आणि खाल्लेल्या दर पॅनकेकमागे एक तास माफ. मी नऊ खाल्ले, पंधरा तास बसले. सातव्यानंतर नवरा घरून लिंबाचं लोणचं घेऊन आला. हे नियमात बसत नाही अशी कमिशनरने, म्हणजे आमची लीग चालवणाऱ्याने, हरकत घेतली, मग चव घेतली, मग हरकत मागे घेतली.

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, झाला. मला वाटलं, सुटले. सोमवारी सकाळी कॉफीचा कप टेबलावर ठेवते न ठेवते तोच कमिशनरचा मेसेज. हा गृहस्थ एरवी आमचे पगार काढतो, त्यामुळे त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की काळजात चर्र होतं. तो म्हणत होता, तुझा तो २९ वर्षांचा मला दे, मी माझी पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीची निवड तुला देतो. निवड म्हणजे काय, तर एक पोरगा. कोणता ते ठरलेलं नाही. तो अजून कुठल्यातरी कॉलेजात आहे, त्याला कोणता संघ उचलेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक, आणि तो माझ्यासाठी धावायला लागेपर्यंत दीड वर्ष जाणार. बाजारात तुरी, आणि इथे भट-भटणीची मारामारी सुरूसुद्धा झाली होती.

नेमके त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचे वडील नाशिकहून सहा महिन्यांसाठी एडिसनला आले. न्यू जर्सीच्या फेब्रुवारीत आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला करायला काही नसतं. बाहेर बर्फ आणि घरात कार्पेट, दोन्हीवर चालून गुडघा दुखतो ही काकांची तक्रार. छंद म्हणाल तर पत्रिका बघणे. मी मैत्रिणीकडे चहाला गेले होते आणि माझ्या खेळाडूंची भाकितं तिला वाचून दाखवत होते : प्रकृतीने साथ दिल्यास उत्तम यश, हंगामाच्या पूर्वार्धात संधी कमी, उत्तरार्धात जबाबदारी वाढेल, संघातल्या तरुण स्पर्धकापासून सावध.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "रास कुठली?"

त्या क्षणापासून संघाचे व्यवस्थापक दोन झाले. दिवाळी अंकातलं वार्षिक भविष्य आणि हे ऑफसीझनचं भाकीत एकाच हाताने लिहिलेलं असतं, असं काकांचं ठाम मत पडलं. "अगं, 'साथ दिल्यास' हा शब्द बघ. हा शब्द घातला की कोणी तुमच्या दारात भांडायला येत नाही. मी चाळीस वर्षं वापरतोय." खेळाडूंच्या जन्मतारखा जाहीर असतात. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे रास बहुतेक निघते. जन्मवेळ मात्र कोणी छापत नाही, म्हणून लग्न काढता येत नाही, एवढी एकच खोट काकांना या खेळात दिसली.

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कॉलेजच्या पोरांची 'कंबाइन' नावाची तपासणी असते, ती आम्ही टीव्हीवर पाहिली. पोरांची उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबीसुद्धा मोजतात. मग चाळीस यार्ड पळायला लावतात आणि सेकंदाचा शंभरावा भाग धरून वेळ टिपतात. मग मुलाखत. काकांना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. "स्थळ बघतायत," ते म्हणाले. "आमच्या वेळी चालून दाखव म्हणायचे, इथे पळून दाखव म्हणतात."

कमिशनरला नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा मी 'वी आर इव्हॅल्युएटिंग' असं लिहिलं. खरं कारण, माझ्या २९ वर्षांच्याची रास मीन आणि साडेसातीची मधली अडीचकी, असं असताना दिल्याघेतल्याचे व्यवहार करू नयेत, हे होतं.

मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू संघ बदलतात आणि सगळ्या भाकितांवर बोळा फिरतो. काकांना या महिन्यातल्या जुन्या गोष्टी फार आवडल्या. टॉम ब्रेडी हा नामवंत क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा संघाचा सूत्रधार, १ फेब्रुवारी २०२२ला निवृत्त झाला आणि १३ मार्चला परत आला, बरोबर चाळीस दिवसांनी. "वानप्रस्थ झेपला नाही," काका म्हणाले, आणि स्वतःच्या बँकेतल्या एका साहेबांची तशीच गोष्ट सांगितली, ती ब्रेडीपेक्षा लांब होती. मग रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली. न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्याला २०२४च्या मार्चमध्ये जाऊ दिलं, तेव्हा तो सत्तावीसचा. म्हणजे शास्त्राप्रमाणे उताराला लागलेला. तो दीड-दोन तासांवरच्या फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच हंगामात २,००५ यार्ड धावला, वर सुपर बोल जिंकला. त्याच उन्हाळ्यात जाणकारांच्या बहुतेक याद्यांमध्ये पहिलं नाव ख्रिश्चन मॅकॅफ्रीचं होतं. आदल्या वर्षी सगळ्यांत जास्त धावलेला माणूस, चुकायला जागाच नाही. तो दुखापतींमुळे चार सामने खेळला. मी हे दोन आकडे काकांपुढे ठेवले, की आता सांगा, शास्त्र कुठे गेलं? काका चष्मा पुसत म्हणाले, "त्यांचं चुकलं तर खेळ बेभरवशाचा. आमचं चुकलं की ज्योतिष थोतांड."

मे महिन्यात हाफ चड्डीतला सराव सुरू होतो. एकमेकांना पाडायचं नसतं, त्यामुळे सगळेच देवासारखे खेळतात. या दिवसांत प्रत्येक खेळाडू 'आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत' असतो. एकाने पंधरा पौंड वाढवले, उत्तम. दुसऱ्याने पंधरा पौंड कमी केले, उत्तम. मी त्या महिन्यात चार पौंड वाढवले, त्याची कुठे नोंद नाही.

जून हा या पंचांगातला अधिक मास. काहीही घडत नाही, आणि त्यामुळेच सगळ्यांत जास्त लिहून येतं. रिकामपणी मी काकांना या उद्योगाचा उगम सांगितला. ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघात भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाख या गृहस्थाने १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोस्तांबरोबर बसून हे नियम तयार केले. पुढच्या वर्षी आठ मालकांची पहिली लीग सुरू झाली. गुण पेपरातून हाताने मोजायचे. १९६२मध्ये रेडर्सनी चौदा सामन्यांतला एक जिंकला होता. स्वतःच्या घरी असा उजेड असेल तर माणूस कल्पनेतला संघ काढेल नाहीतर काय करेल?

एका रविवारी मैत्रिणीने काकांना जुना सामना लावून दिला. सहा महिन्यांत त्यांनी पाहिलेला हा एकमेव खेळ. दहा मिनिटं पाहिला. "हे सारखे थांबतात का?" एवढं विचारून ते आत जाऊन वही घेऊन बसले. त्या वहीत बत्तीस संघ होते, कोणाला किती वर्षांचा करार, कोणाचा कोणता गुडघा आणि कोणाला मंगळ.

ऑगस्ट आला तसा मला धसका बसला. या महिन्याचा इतिहास वाईट. इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक २४ ऑगस्ट २०१९ला, हंगाम तोंडावर आला असताना, एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. तोवर किती जणांनी त्याला आपापल्या संघात घेऊनही टाकलं होतं. आणि आमच्या अंगणातलंच उदाहरण. नाव न्यूयॉर्क जेट्स, मैदान न्यू जर्सीत, हे दुखणं आम्हा जर्सीकरांचं जुनंच आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये त्यांनी ॲरन रॉजर्स या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला आणलं. उन्हाळाभर किराणा दुकानापासून गणपतीच्या ढोलपथकाच्या सरावापर्यंत दुसरा विषय नव्हता. ११ सप्टेंबरला तो झेंडा घेऊन मैदानात धावत आला, चौथ्या डावालाच टाचेमागची शीर तुटली आणि हंगाम आटोपला. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुहूर्त कोणी काढला होता?"

काकांच्या परतीच्या आदल्या संध्याकाळी बातमी आली. माझा २९ वर्षांचा सराव अर्धवट सोडून गेला. गुडघा. संघाने सांगितलं, रोजच्या रोज बघू. हे वाक्य अमेरिकेतल्या प्रशिक्षकांना आणि आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांना एकाच शाळेत शिकवत असावेत. पाठोपाठ कमिशनर. त्याच्या तोंडी अजून तीच दुसऱ्या फेरीची निवड, पण आता फक्त उद्या दुपारपर्यंत.

नूअर्क विमानतळावर मी मुद्दाम गेले. गुडघ्यामुळे काकांसाठी व्हीलचेअर मागवली होती. मैत्रीण पासपोर्ट, गोळ्या, लाडवांचा डबा बघत होती, आम्ही दोघं वही बघत होतो. "काका, विकू का ठेवू?" मी विचारलं. ते काही सांगणार तेवढ्यात खुर्ची ढकलणारा माणूस आला आणि त्यांना घेऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेत घुसला, थेट, मधल्या फटीतून, एखाद्या रनिंग बॅकसारखा. पलीकडे पोचल्यावर काकांनी मागे वळून पाहिलं. एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याची दोन बोटं वर केली आणि मान हलवली.

दोन आठवडे लागतील, की दुसऱ्या फेरीची निवड घे, की गुडघ्याच्या गोळ्या दोनच उरल्यात? आणि गुडघा कोणाचा? मैत्रिणीला विचारलं, तर ती रडत होती. घड्याळात साडेअकरा झाले होते.