आमच्याकडे सांताक्लॉज मिळत नाही

काल रात्री पावणेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस पडली. ‘ख्रिसमस किड्स कार्निव्हल.’ २४ डिसेंबर, संध्याकाळी ७ ते १०, क्लब हाऊस. लाल-पांढरे कपडे सक्तीचे. प्रत्येक पालकाने आपापल्या मुलासाठी किमान ५०० रुपयांची भेटवस्तू आणायची, पॅक करायची, वर नाव आणि फ्लॅट नंबर टाकायचा आणि २० तारखेच्या आत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायची. मग ती सांता मुलांना वाटणार. म्हणजे पैसे आपले, कागद आपला, चिकटपट्टी आपली आणि श्रेय दाढीवाल्याला. असो, ज्याची त्याची हौस. खरा प्रसाद खालच्या दोन ओळींत होता. आम्हाला टॅग करून: ‘सांता आणि केक तुमच्याकडून ना? तुमचाच सण!’ आणि त्याखाली: ‘डान्सचा सराव रोज सकाळी ११ ला घेऊ. तुमच्या मुलांना तसंही शाळा नसतेच.’

या ‘तसंही’चं काय करावं?

आमची मुलं घरीच शिकतात. सकाळी ११ म्हणजे त्या घरच्या शाळेची ऐन गर्दीची वेळ. बायबलचं वचन आणि प्रार्थना झालेली असते, गणिताची वही उघडी असते आणि अपूर्णांकांवरून एक जण रडायच्या बेतात असतो. वर्गात ४० मुलांना शिकवायला जो तास लागतो तो दोन मुलांना २० मिनिटांत होतो, म्हणून दुपारी मुलं मोकळी दिसतात, हे खरं. पण दुपारी १ ते ४ पुण्यात सराव ठेवायची कोणाची छाती आहे? एनआयओएसच्या, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि अंगावर युनिफॉर्म तर नाहीच. म्हणून ही मुलं रिकामटेकडी, असा समज आमच्या लिफ्टमध्ये पसरलेला आहे. ‘मग सोशलायझेशनचं काय?’ हा प्रश्नही लिफ्टमध्येच येतो, आणि विचारणारा उत्तर मिळायच्या आत फोनमध्ये शिरलेला असतो.

आणि २४ ची संध्याकाळ, ७ ते १०! अहो, ज्यांचा सण म्हणता ते त्या वेळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, असतात. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर सोसायटीची वार्षिक सभा ठेवून बघा, चेअरमनच येणार नाहीत. आमच्याकडून मात्र सांता हवा, केक हवा, दोन नाचणारी मुलं हवीत. फक्त ज्याचा जन्म आहे त्याचं नाव सबंध नोटिशीत कुठे नाही. तीनदा वाचली. सांता पाच वेळा, डीजे दोन वेळा, ‘स्नो मशीन’ एकदा. डिसेंबरातल्या पुण्यात, जिथे दुपारी पंखा लावावा लागतो, तिथे साबणाचा फेस उडवणार. त्याच क्लब हाऊसच्या फरशीवर मग पोरं घसरणार.

सांताबद्दल आमच्या घरात एकच नियम आहे: खोटं सांगायचं नाही. निकोलस नावाचा बिशप होता, चौथ्या शतकातला, मायराचा. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्याची आठवण ६ डिसेंबरला. त्या दिवशी नकाशा काढायचा, मायरा शोधायचं, मुलांनी डब्यातले पैसे मोजायचे आणि कोणाला द्यायचे ते ठरवायचं. वर नाव लिहायचं नाही. विषय संपला. रेनडिअर नाही, धुराडं नाही. पुण्यातल्या फ्लॅटला धुराडं असतं कुठे, चिमणी म्हणजे गॅसवरची, तिच्यातून उंदीर यायची पंचाईत. एकच सावधगिरी: घरी खरं शिकलेलं पोर खाली खेळायला जाऊन चार वर्षांच्या मुलांसमोर जाहीर करतं की ती भेट तुझ्या आईनेच आणलीय. मग रात्री फोन येतात. तेव्हा ‘खरं बोल, पण दुसऱ्याच्या घरातलं त्यांचे आईबाबा सांगतील’ हे ६ तारखेच्या आधीच शिकवून ठेवावं.

केकचं तर विचारूच नका. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक-रानड्यांपासून कितीतरी मोठ्या माणसांवर ग्रामण्य आलं, म्हणजे वाळीत पडायची वेळ आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आणि आता त्याच शहरात २५ तारखेला सकाळी ८ पासून दाराची बेल: ‘केक झाला का?’ प्रगती म्हणायची. पण ‘तुम्ही ख्रिश्चन? आणि मराठी इतकं छान बोलता?’ ही त्याच दारातली पुढची ओळ अजून तशीच आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आम्ही पेटीवर म्हणतो, ‘ज्ञानोदय’ हे आमचं मराठी नियतकालिक १८४२ सालचं, आणि आम्ही म्हणे गोव्याचे. गोवा चांगलंच आहे. आम्ही नगरचे आहोत.

बरं, बाहेरच्यांवरच का चिडावं. आपल्या चर्चच्या मंडळीतलेही काही कमी नाहीत. शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, नाटकात देवदूतांना थर्मोकोलचे पंख, ते दारातून आत येत नाहीत, म्हणून देवदूत आडवा चालत येतो. मग पाहुण्यांचे सत्कार, शाल, श्रीफळ, आणि मेंढपाळ स्टेजमागे झोपलेले. आणि घरी शिकवणाऱ्या आयांचा तो वेगळा पंथ: २४ खिडक्यांचं कॅलेंडर, इशायाच्या (दावीद राजाच्या बापाच्या) बुंध्याची, म्हणजे येशूच्या वंशवृक्षाची, २५ लॅमिनेट केलेली चित्रं, प्रत्येकाला रिबीन, प्रत्येकाचा फोटो. नोव्हेंबरात लॅमिनेशनचं मशीन तापतं ते जानेवारीत थंड होतं. मुलं कापायला सहा दिवस बसतात, वचन वाचायला सहा मिनिटं मिळत नाहीत.

त्यातलीच एक योजना दरवर्षी फिरत येते. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय २४, नाताळापर्यंत डिसेंबरचे दिवस २४, रोज एक अध्याय! ऐकायला झकास. करून बघा. २ तारखेला येशू जन्मतो. ३ ला त्याचा बाप्तिस्मा होतो. २३ ला वधस्तंभ, २४ ला पुनरुत्थान, आणि २५ ला उठून पुन्हा गव्हाणीपाशी यायचं. मुलं विचारतात, आता तो पुन्हा लहान कसा झाला? त्यापेक्षा लूकचा पहिला अध्याय घ्या. त्यात ८० वचनं आहेत, एका बैठकीत वाचला तर दोन्ही पोरं आडवी. पण अर्पणपत्रिकेसारखी पहिली चार वचनं सोडली तर त्याचे सरळ चार तुकडे पडतात: ५ ते २५ जखऱ्या, २६ ते ३८ मरीयेला निरोप, ३९ ते ५६ अलीशिबेची भेट आणि मरीयेचं गीत, ५७ ते ८० योहानाचा जन्म. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे रविवारही चारच. दुसरा अध्याय २४ च्या रात्रीपर्यंत उघडायचाच नाही. वाट बघणं हाच त्या महिन्याचा अभ्यास आहे. तो आपण बाजारातल्या गाण्यांनी १ तारखेलाच उधळून टाकतो.

पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात कधीतरी येतो; त्या आठवड्यात मेणबत्त्या हव्यात. तीन जांभळ्या, एक गुलाबी, मधे पांढरी. जांभळी मिळत नाही म्हणून कॅम्पात चार दुकानं पालथी घालू नयेत. पांढऱ्याच घ्याव्यात आणि बुडाशी, ज्योतीपासून लांब, रंगीत फीत बांधावी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, म्हणजे पहिली चारही रविवारी पेटते, त्यामुळे ती सगळ्यांत आधी बुटकी होते. रोजच्या जेवणाला लावली तर तिसऱ्या रविवारी तिचं नुसतं डबकं उरतं. दर रविवारी १५ मिनिटं पुरे. परात घ्यावी, त्यात ओली वाळू, वाळूत मेणबत्त्या. भोवती सुरूच्या फांद्या अजिबात नकोत, चार-पाच दिवसांत वाळून खडखडीत होतात आणि ज्योत लागली की भडकतात.

दुकानातली प्लॅस्टिकची चांदणी हा माझा आणखी एक खास राग. आकाशकंदील घरी करता येतो, मग चांदणी का नाही? बुरूड आळीतून ६० सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणाव्यात. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करायची, मधे १४ उरतात. पाच कामट्या एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशा विणून एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची, आणि आतल्या पाच सांध्यांत १२ सेंटिमीटरचे आडवे तुकडे खोचायचे, म्हणजे पोट फुगतं. पाचवा तुकडा एकट्याने बसत नाही, आधीचे चार उडतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने खोचायचा. तरीही चांदणी तिरकी झाली तर कामटीचं पेर मधोमध आलंय, पेरापाशी बांबू वाकत नाही. ती कामटी बदलायची.

मग कागद. पुढे पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागे पाच त्रिकोण, बाजूचे दहा. एकूण २१ तुकडे. मागचा पंचकोन उघडा, तिथून बल्ब. खळ म्हणजे एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवून मगच गॅसवर, नाहीतर गुठळ्या होतात आणि कागदाखाली फोड दिसतात. चकाकी आली की उतरवायची. कागद ताणून लावू नये, खळ वाळताना तो आपोआप ताणतो आणि आधीच ताणलेला असेल तर रात्री ‘टप्’ करून फाटतो. बल्ब ५ वॅटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

आता इथवर वाचून कोणी विचारेल, हेच का तुमचं ‘साधं’ नाताळ? बरोबर आहे. परात, वाळू, फिती, कामट्या, २१ त्रिकोण-पंचकोन, खळीचं पातेलं, भिंतीवर वचनांचा तक्ता, आणि त्या तक्त्यावर कोणाचा हात लागला की आरडाओरडा. तक्ता लॅमिनेट केलेला आहे. हो, घरच्याच मशीनवर. बाजूचे त्रिकोण समद्विभुज आहेत हे पोराला तीन वेळा सांगून चौथ्यांदा आवाज चढला, तेव्हा हॉलमध्ये ‘पृथ्वीवर शांती’ असा कागद लटकत होता. सोसायटीवाले ५०० रुपये भरून मोकळे होतात. आम्ही साधेपणापायी घर डोक्यावर घेतो.

फराळाचं तेच. आमच्याकडे करंज्या, चकल्या, शेव दिवाळीसारख्याच, वर कुलकुल. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १५० ग्रॅम पिठीसाखर, तीन मोठे चमचे कडकडीत तूप, चिमूट मीठ, आणि नारळाचं दूध जेमतेम लागेल तेवढं, घट्ट मळायला. दूध एकदम ओतलं की पीठ सैल, सैल पीठ तेल पितं. बोराएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत गुंडाळायची. कड नीट दाबली नाही तर कढईत उलगडते. पिठात साखर आहे, म्हणून आच मध्यमच हवी. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत तांबूस होतात, आत कच्चे राहतात आणि तिसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडतात. गुंडाळायचं काम मुलांचं, एका बैठकीत दोनशे निघतात, आणि तेवढा वेळ ती गप्प असतात. पदार्थ याच गुणासाठी टिकला असावा असा संशय आहे.

गव्हाणीला मात्र खर्च शून्य. दिवाळीचा किल्ला मोडताना माती फेकू नये, गोणीत भरून ठेवावी. १७-१८ तारखेला तीच भिजवून गोठा करायचा, भोवती हळीव पेरायचे, पाणी नुसतं शिंपडायचं. ओतलं तर बुरशी धरते आणि भिंत खचते. बाळ २४ च्या रात्रीच ठेवायचं, मेंढपाळ त्याच्या पाठोपाठ. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, पुस्तकांच्या कपाटावरून निघतात, रोज वीतभर पुढे, आणि ६ जानेवारीला पोचतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते गोठ्यात नाही, घरात आले असं आहे, आणि किती जण ते दिलेलंच नाही. कार्निव्हलच्या पोस्टरवर तिघंही गोठ्यात आहेत, एकाच्या हातात पिझ्झाचा खोका. प्रायोजक.

आणि २६ ला सकाळी सोसायटीचं झाड गोणपाटात जाईल. आमचे नाताळाचे बारा दिवस तेव्हा कुठे सुरू झालेले असतील, आणि कोणीतरी विचारेल, ‘अजून चांदणी काढली नाही?’

तर ग्रुपवरच्या काकूंना उत्तर असं पाठवलंय: सांता नाही. केकऐवजी कुलकुल मिळतील, २५ ला, दुपारी ४ नंतर, डबा परत करावा. २४ ला आम्ही नाही. आणि सकाळी ११ ला सराव जमणार नाही, त्या वेळी खळ गॅसवर असते आणि ढवळणं सोडता येत नाही. दोन निळ्या टिक्स आल्यात. उत्तर नाही. मघाशी एका अनोळखी नंबरवरून विचारणा झाली, कुलकुल किती किलोपर्यंत मिळतील.