अर्जावरचा चेहरा

चवथीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गोव्यातल्या मार्दोळच्या घरी गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होतो. नारळ झाले, सुपारीची शिपटी झाली, चिबूड झाला. मी तोरंजन वर धरून उभी होते, तेवढ्यात शेजारच्या काकी आत आल्या. दोन वर्षांनी भेटत होतो. "किती गो मोटी जाल्या!" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं माझ्या भाचीसाठी होतं. उन्हात फिरून पोर पार काळवंडली, आता कुणी बघायला आलं तर काय करणार? तोरंजन बांधून होईपर्यंत मी गप्प राहिले. रात्री जेवणं आटोपल्यावर मात्र ताईचं आणि माझं चांगलंच वाजलं.

ताईचं म्हणणं, काकी मायेने बोलतात. घरच्यांनी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? तुमच्या जर्मनीत कुणी बोलत नाही, कारण तिथे कुणाला कुणाचं पडलेलं नाही.

दुसऱ्याच्या दिसण्यावर बोलावं का, हा वाद गेल्या काही वर्षांत देशभर चालला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी जाहीरपणे लिहिलं, की त्यांची कारकीर्द काळी आणि त्यांच्या आधी त्याच पदावर असलेल्या पतीची गोरी, असा शेरा कुणीतरी मारला. राज्यातलं प्रशासनातलं सगळ्यात मोठं पद, आणि तिथेही माप कातडीचं. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशात दहावीला पहिली आलेली मुलगी. तिला ६०० पैकी ५९१ गुण, आणि लोक बोलत राहिले तिच्या ओठावरच्या लवेबद्दल. पंधरा-सोळा वर्षांची पोर. ती बातमी मी हॅम्बुर्गच्या ट्रेनमध्ये वाचली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हॅम्बुर्गात मला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत ऑफिसातल्या एकाही माणसाने माझ्या अंगाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. बाळंतपणानंतर मी कामावर परतले तेव्हा अठरा किलोंनी वाढले होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, बाळ रात्री झोपू देतं का? बस्स. हा विसावा काय असतो ते गोव्यातल्या मुलींना शब्दांत सांगणं कठीण आहे. सकाळी साडी नेसताना, दुकानात कपडे घालून बघताना, डोक्यात सतत एक आवाज असायचा, हे घातलं तर अमकी काय म्हणेल. तो आवाज हळूहळू विरत गेला. तो विरल्यावर मला कळलं की लहानपणापासून माझी केवढी ताकद त्यात खर्च होत होती. म्हणून ताईचं मायेचं कारण मी मान्य करत नाही. माया असेल, पण तिची किंमत ऐकणारी मोजते.

पण ताईच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, आणि ती मी त्या रात्री तिला कबूल केली. कुणी बोलत नाही याचा अर्थ कुणी तोलत नाही असा नव्हे.

मी हॅम्बुर्गात पहिली नोकरी शोधत होते तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला, आधी चांगला फोटो काढून घे. जर्मनीत नोकरीच्या अर्जाला फोटो लावायची जुनी रीत आहे. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्या उघडपणे फोटो मागेनाशा झाल्या, पण पाठवायची सवय उरली. मीही स्टुडिओत गेले. फोटोग्राफरने खांदा जरा वळवायला सांगितला, म्हणजे बांधा बारीक दिसेल. म्हणजे बोललं गेलं ते स्टुडिओत, आणि हिशेब झाला तो कुठल्यातरी बंद खोलीत, माझ्या पाठीमागे. आणि हा कायदा वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय, लैंगिक ओळख यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करतो. रूप किंवा वजन त्यात नाही. शेजारच्या फ्रान्सने २००१ पासून शारीरिक रूपाचा उल्लेख आपल्या कायद्यात घातला आहे.

दिसण्याचा हिशेब मनात कसा होतो, याचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वीपासूनचा आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण मांडताना ते वेगळे ठेवूच शकत नाहीत. एक गुण आवडला की बाकीचेही वर चढतात. १९९४ मध्ये हॅमरमेश आणि बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिका आणि कॅनडातल्या पाहण्यांवरून काढलं, की दिसायला डाव्या समजल्या गेलेल्यांची कमाई सामान्य दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्क्यांनी कमी असते. बायकांची, आणि पुरुषांचीही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९७४ मधला लँडी आणि सिगल या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग. विद्यार्थ्यांना निबंध तपासायला दिला. काहींच्या प्रतीला सुंदर मुलीचा फोटो, काहींच्या प्रतीला कुरूप समजल्या गेलेल्या मुलीचा, काहींना फोटोच नाही. मजकूर तोच. सुंदर मुलीला गुण जास्त, दुसरीला कमी, आणि फोटो नसलेली मधोमध. निबंध कच्चा असेल तिथे चेहऱ्याचा परिणाम आणखी मोठा. फोटो नसलेली मधोमध, एवढंच मला हवं होतं. कारण माझ्या भाचीची गोष्ट तिथेच येते.

भाची हॉटेल मॅनेजमेंट शिकली. गोव्यात पोटापाण्यासाठी ही वाट धरणारी पोरं घरोघरी आहेत. जाहिरातीत लिहिलेलं असतं, फ्रंट ऑफिससाठी प्रेझेंटेबल, प्लीझिंग पर्सनॅलिटी, सोबत फुल साइझ फोटो. तिने फोंड्याच्या एका स्टुडिओत फोटो काढला. मी तो बघितला आहे. गळ्याचा रंग तिचा, आणि हनुवटीपासून वर दुसरीच कोणीतरी मुलगी. तिला न विचारताच त्याने चेहरा उजळून दिला होता. त्याच्या लेखी ती सेवाच. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात ती मुलाखतीला गेली. समोरच्या माणसाने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. मग तिला रिझर्वेशनला घेतलं, आतल्या खोलीत, फोनवर. आवाज गोड आहे म्हणाले. तिच्याबरोबर शिकलेली, इंग्रजीत तिच्याहून कच्ची असलेली मैत्रीण रिसेप्शनवर उभी राहिली. चवथीपर्यंत भाचीने ती नोकरी सोडली होती. कारण विचारलं तर म्हणाली, फोनवर कोण बोलतंय ते कुणाला दिसत नाही, हे मला रोज सकाळी आठवायचं.

आपल्या भाषेनेही या बाबतीत नोकरी आणि रूप एकत्र बांधून ठेवलं आहे. विमानात काम करणाऱ्या बाईला आपण कित्येक वर्षं हवाई सुंदरी म्हणत आलो. पदाच्या नावातच अट. २००९ साली एअर इंडियाने वजनाच्या कारणावरून काहीजणींना कामावरून काढलं, तेव्हा किती जणांना ते साहजिक वाटलं होतं! लग्नाच्या बाजारात निदान एक पाऊल पडलं. २०२० मध्ये शादी डॉट कॉमने वर्णावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली. त्याने लोकांची मनं बदलली असं मी म्हणत नाही. पण चाळणी हातातून गेली की निवडणाऱ्याला पुढचं वाचावं लागतं.

म्हणून मला वाटतं, आपण भांडतो आहोत ते चुकीच्या जागी. काकींचं तोंड बंद करण्यात आपली सगळी शक्ती जाते, आणि जाहिरातीतल्या त्या एका ओळीला कुणी हात लावत नाही. काकी बोलतात ते मन दुखवतं. ती ओळ पगार ठरवते. जर्मनीत २०१० च्या नोव्हेंबरात भेदभावविरोधी सरकारी कार्यालयाने एक प्रयोग सुरू केला होता. अर्जातून फोटो, नाव, वय काढून टाकायचं आणि मग मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवायचं. पोस्ट, टेलिकॉम, अगदी लॉरिआलसारखी सौंदर्यप्रसाधनांची कंपनीही त्यात होती. तो प्रयोग सक्तीचा नियम झाला नाही याचं मला वाईट वाटतं. पण गोव्यात एवढं तरी करता येईल, की अर्जासोबत फोटो मागायचा नाही. ताई म्हणाली, मुलाखतीला चेहरा दिसणारच की! दिसू दे. तोवर ती खुर्चीत बसलेली असेल आणि बोलत असेल.

निघायच्या आदल्या रात्री भाचीने आणि मी तिचा बायोडेटा नव्याने लिहिला. उजव्या कोपऱ्यातला फोटो काढला. तिथे रिकामी जागा वाईट दिसायला लागली, म्हणून तिने भाषा वर घेतल्या. कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि दोन वर्षं शिकलेली पोर्तुगीज. तीन ठिकाणी पाठवला.

मी हॅम्बुर्गला पोचले त्या दिवशी तिचा फोन आला. एका हॉटेलातून उत्तर आलं होतं, फोटो जोडायचा राहिला आहे, लगेच पाठवा. "मावशी, पाठवू?"

दोघीही बराच वेळ गप्प होतो. नोकरी तिला हवी होती, मला नाही, म्हणून मी तिला उत्तर दिलं नाही. शेवटी तिनेच हॉटेलला लिहिलं, मुलाखतीला मी स्वतः येते, वेळ कळवा. त्याला चार दिवस झाले. अजून काही आलेलं नाही.