‘आधी स्वतः बसून बघा’ – एका प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या आठवड्यात ‘अनुपुब्बसिक्खा’वर पोस्ट टाकली होती, म्हणजे बुद्धाच्या काळात भिक्खूला पायरीपायरीने कसं घडवायचे त्यावर. आधार होता गणकमोग्गल्लान सुत्त, म्हणजे बुद्धाने एका हिशेबनीसाला केलेला उपदेश, आणि तो राजगृहात झाला असं मी लिहिलं होतं. मुद्दा साधा होता. डोळे मिटून मांडी घालणं हे तिथलं पहिलं काम नाही. आधी शील, मग इंद्रियांवर पहारा, मग जेवणात प्रमाण, मग जागरण (जागरिय), मग उठता-बसता-चालता भान, आणि एवढं झाल्यावर सहाव्या पायरीला माणूस झाडाखाली जाऊन बसतो. आपल्याकडे हल्ली उलटं चाललंय, आधी बसायचं आणि बाकीचं जमलं तर जमलं, असं मी लिहिलं होतं. बहुतेकांना आवडलं. ‘एक साधक’ या नावाने लिहिणाऱ्यांना नाही आवडलं. त्यांची कमेंट आहे तशी देते, म्हणजे नंतर मी तोडून-मोडून घेतली असं व्हायला नको:

“ताई, रागावू नका, पण लेख वाचून वाईट वाटलं. गणकमोग्गल्लान सुत्त राजगृहात नाही, श्रावस्तीत झालं, एवढंही तपासलं नाहीत. चौथ्या पायरीतच, जागरियेत, ‘चङ्कमेन निसज्जाय’ असं स्पष्ट आहे, म्हणजे बसणं तिथेही आहेच. ही शिकवण भिक्खूंची, ती गृहस्थाला जशीच्या तशी कशी लावता? आणि आपल्या सोपाऱ्याच्या बाहियाला भर रस्त्यात दोन वाक्यांत मुक्ती मिळाली, तो कुठल्या पायऱ्या चढला होता? अनुपुर्वसिक्खेच्या नावाखाली लोकांना ध्यानाची भीती घालू नका. आधी स्वतः बसून बघा, मग लिहा.”

(‘चङ्कमेन निसज्जाय’ म्हणजे येरझाऱ्या घालत आणि बसून; बाहिया कोण ते पुढे सांगतेच.) आता पहिली गोष्ट, ‘ताई, रागावू नका पण’. या चार शब्दांनंतर आजवर कुणी चांगलं बोललेलं मला तरी आठवत नाही. ताई म्हटलं की पुढे काहीही ऐकवायची मोकळीक मिळते असा आपल्याकडे समज आहे आणि रागावू नका म्हणून आधीच सांगून ठेवलं की रागावणाराच हलका ठरतो. तर मी रागावलेली नाहीये. पण ‘वाईट वाटलं’ वगैरे ठेवणीतले शब्द वापरायचे आणि शेवटी मास्तरासारखी छडी मारायची, ही पद्धत काही मला धम्माला धरून वाटत नाही. सम्मावाचेत, म्हणजे योग्य बोलण्याच्या शिकवणीत, खोटं, चुगली, बडबड यांच्याबरोबर फरुसावाचाही टाळायला सांगितलीय, म्हणजे कठोर बोलणं. ते साखर लावून बोललं तरी कठोरच असतं.

श्रावस्तीचं मात्र शंभर टक्के बरोबर आहे तुमचं, चूक माझी. चूक मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. सुत्त घडतं श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधून दिलेल्या मिगारमातेच्या प्रासादात. माझा घोळ का झाला तेही सांगते, कारण तो प्रसंगच गोड आहे. मोग्गल्लान हा ब्राह्मण, धंद्याने गणक, हिशेबनीस. तो येऊन म्हणतो, या प्रासादाची बघा, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सगळी रचना क्रमाने दिसते. आम्ही हिशेबनीसही शागीर्द आला की आधी त्याच्याकडून मोजून घेतो, एकं एककं, द्वे दुका, तीणि तिका, असं शंभरापर्यंत. म्हणजे आपलं बे एके बे. तर तुमच्या धम्मात असा काही क्रम आहे का? बुद्ध हो म्हणतो, आणि जातिवंत घोडा हाती आला की तरबेज माणूस त्याला आधी लगामाची सवय लावतो तसं, म्हणून सगळ्या पायऱ्या सांगतो. मग हा पक्का हिशेबी माणूस विचारतो, तुम्ही इतकं सांगूनही सगळे पोचतात का? बुद्ध म्हणतो, काही पोचतात, काही नाही. का? तर बुद्ध त्याला उलट विचारतो, तुला राजगृहाची वाट माहितीये ना, तू दोघांना तीच वाट सांगितलीस, एक नीट पोचला आणि दुसरा भलतीकडेच गेला, तर त्यात तुझा काय दोष? तू काय करणार, तू वाट सांगणारा. मीही वाट सांगणारा. हे ‘राजगृह’ डोक्यात बसलं होतं, ते चुकून ठिकाण म्हणून उतरलं. झालं समाधान?

आता ‘आधी स्वतः बसून बघा’.

हे वाक्य मी परवापासून दहा वेळा वाचलं असेल. तुम्हाला कसं कळलं मी बसत नाही? तुम्ही माझ्या घरी येऊन पाहिलंत? मी पहिलं दहा दिवसांचं शिबिर केलं तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता, आता तो नोकरीला लागलाय. नंतर अजून दोन केली. पहाटे चारची घंटा, संध्याकाळचं जेवण नाही, दहा दिवस तोंडाला कुलूप, सगळं केलंय. पुढचं जवळजवळ वर्षभर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसत होते. गुडघा गेला त्यानंतर खुर्चीवर बसते, तेही तुम्हाला चालत नसेल तर सांगा.

खरं तर हे सांगायचीसुद्धा मला लाज वाटतेय, आणि ती का वाटते ते विनयातच, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातच, आहे. वज्जींच्या देशात दुष्काळ पडला होता तेव्हाची गोष्ट. वग्गुमुदा नदीच्या काठी वर्षावासाला (पावसाळ्यात एकाच जागी राहायला) बसलेल्या काही भिक्खूंनी डोकं लढवलं, की आपण गृहस्थांसमोर एकमेकांची तारीफ करायची, हे भन्ते पहिल्या झानाला (ध्यानाच्या पातळीला) पोचलेत, ते भन्ते तिसऱ्याला, अमुक तर अर्हतच, पूर्ण मुक्त, आहेत. लोक बिचारे स्वतःच्या पोराबाळांच्या तोंडचं काढून यांना वाढायचे. वर्षावास संपल्यावर सगळीकडचे भिक्खू बुद्धाला भेटायला आले ते वाळून काटकी झालेले, आणि हे मात्र गुटगुटीत, तोंडावर तुकतुकी. त्यातून चौथा पाराजिक (सर्वांत कडक नियमांपैकी एक) आला, न मिळालेलं मिळालं म्हणाल तर संघातून कायमचे बाहेर. आणि खरोखर मिळालं असलं तरी ते उपसंपदा (पूर्ण दीक्षा) न झालेल्याला सांगायचं नाही, त्यालाही पाचित्तिय, म्हणजे कबूल करावा लागणारा हलका दोष, लागतं. मी काही भिक्खुणी नाही, पण त्यामागचा विचार तर मला लागू होतोच ना. ‘तुम्ही किती बसता’ हा प्रश्न विचारायचाच नसतो, साधक म्हणवणाऱ्याने तर नाहीच. सोण या भिक्खूची वीणेची (तार फार ताणू नको, फार सैलही नको) गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ती सुरू कुठून होते तर येरझाऱ्या घालून घालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले होते तिथून. तासच मोजायचे तर त्याच्याएवढे कुणी भरले होते?

आणि बसून बघितलं म्हणूनच मी ती पोस्ट लिहिली, हे तुमच्या लक्षातच आलं नाही. ज्या वर्षी मी सकाळ-संध्याकाळ बसत होते ना, त्याच वर्षी मी ऑफिसात मैत्रिणीची मस्टरवर सही ठोकत होते. तिला लांबून यायचं असायचं, लोकल चुकायची, मी माझी सही केली की खालच्या रकान्यात तिचीही करायची, तिचा तो शेवटचा वळणदार ‘र’ मला अगदी झकास जमायचा. एक दिवसही मनाला टोचलं नाही. डोळे मिटले की छान वाटायचं, शांत वाटायचं, श्वास बारीक व्हायचा, आणि सव्वादहाला मी खोटी सही करत असायचे. दोन्ही एकाच दिवसात, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही. ती पडली राहुलाचं सुत्त वाचताना.

राहुल, बुद्धाचा मुलगा, पोरगाच होता तेव्हा, अट्ठकथेत (जुन्या भाष्यात) सात वर्षांचा म्हटलंय. बुद्ध येतो, पोरगं आसन मांडतं, पाय धुवायला पाणी आणून ठेवतं. बुद्ध पाय धुतो, भांड्यात तळाशी थोडं पाणी शिल्लक ठेवतो. दिसतंय का राहुल हे थोडंसं पाणी? ज्याला जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नाही त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते ओतून टाकतो, असं ओतलेलं. मग भांडं उपडं करतो, असं उपडं. मग सुलटं करून रिकामं दाखवतो, असं रिकामं. गमतीतसुद्धा खोटं नाही. आणि मग आरसा: आरसा कशाला असतो? बघायला. तसं काही करायच्या आधी बघ, करताना बघ, करून झाल्यावरही बघ. पोटच्या पोराला या सुत्तात दिलेला धडा तो हा, आसन-श्वास नाही. अशोकाला हे इतकं मोलाचं वाटलं की त्याने भाब्रूच्या शिलालेखात सात उपदेशांची नावं कोरली त्यात ‘लाघुलोवादे मुसावादं अधिगिच्य’, खोटं बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश, हे आहे. मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं, बाई तुझी सही तू कर. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. याला मी साधना म्हणते. तुम्ही नका म्हणू.

माझी आजी, वरळीची, 1956 नंतरची बौद्ध, तिने आयुष्यात ध्यान हा शब्द उच्चारला नसेल. पौर्णिमेला अष्टशील (त्या दिवसापुरते आठ नियम) घ्यायची. सकाळीच अंघोळ करून पांढरं लुगडं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती, उदबत्ती, आणि दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. संध्याकाळी चाळीत सगळ्यांच्या स्टोव्हवर सुकटीची फोडणी बसली की आम्ही पोरं मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसायचो, आजी भूक लागली का गं? ती भिंतीला टेकून कोरा चहा पीत म्हणायची, लागली की, लागू दे. ‘लागू दे’ म्हणताना तिच्या तोंडावर जे असायचं ते मला शिबिराच्या हॉलमध्ये फार कमी जणांच्या तोंडावर दिसलं, माझ्या तर नाहीच. ‘भोजने मत्तञ्ञुता’, म्हणजे जेवणात प्रमाण, वाचलं की मला पाली कोश लागत नाही, तो कोरा चहा दिसतो.

राहता राहिला बाहिया. ‘आपल्या सोपाऱ्याचा’ म्हणे. मी सोपाऱ्याला (आजचं नालासोपारा) जाऊन आलेय हो. बुरुड राजाच्या कोटात तो स्तूप आहे, 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. बाहियाचं उदाहरण देऊन मला गप्प करता येईल असं तुम्हाला वाटलं असेल तर उदान (ही गोष्ट ज्यात आहे तो ग्रंथ) पुन्हा उघडा. हा माणूस सालीची वल्कलं नेसणारा, लोक पूजा करायचे, स्वतःला अर्हतच समजत होता. देवतेने येऊन तोंडावर सांगितलं, तू अर्हत नाहीस आणि त्या वाटेवरसुद्धा नाहीस. हे ऐकून तो वाद घालत बसला नाही (आपण काय केलं असतं?), तिथल्या तिथे उठला आणि श्रावस्तीकडे निघाला, हजार किलोमीटरच्या पलीकडे, वाटेत कुठेही एका रात्रीच्या वर मुक्काम नाही. बुद्ध भिक्षेला निघालेला, दोनदा नाही म्हणाला, आता वेळ नाही बाहिया. याने तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा ते प्रसिद्ध वाक्य, दिट्ठे दिट्ठमत्तं भविस्सति, पाहण्यात फक्त पाहणं असेल. पण त्याआधी काय आहे? ‘एवं सिक्खितब्बं’, असं शिकायचं. सिक्खा हा शब्द तिथेही सुटलेला नाही. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गायीने त्याला ठार मारलं. बुद्धाने त्याला सर्वांत झटपट कळणाऱ्यांत अग्र म्हटलंय, अग्र म्हणजे एकच. वर्गात एखादा पोरगा पाढे न घोकता गणित सोडवतो म्हणून पाढे बंद करायचे का? आणि त्याच उदानात पुढे समुद्र आहे: महासमुद्र हळूहळू उतरत जातो, एकदम कडा नसतो, तसंच या धम्मविनयात क्रमाक्रमाने शिक्षण, एकदम अंतिम ज्ञान नाही. ते पान तुमच्याकडून उलटायचं राहिलेलं दिसतंय.

जागरियेत ‘निसज्जाय’ आहे, तो शब्द मलाही दिसतो, पण त्यावर लिहायचं तर वेगळी पोस्ट होईल, कधीतरी बघू. भिक्खू आणि गृहस्थाचं म्हणाल तर तो जुना वाद आहे, त्यात मला पडायचं नाही. आणि ‘ध्यानाची भीती’ मी कुणालाही घातलेली नाही, ज्याला पोस्ट वाचून भीती वाटली त्याने ती भीती बघत बसावं, तुम्हा लोकांना बघायची सवय आहेच.

अजून एक. शब्द ‘अनुपुर्व’ नाही. संस्कृत लिहायचं तर ‘अनुपूर्व’, पू दीर्घ. पालीत लिहायचं तर ‘अनुपुब्ब’. दोन्हीचं कडबोळं करू नका, विशेषतः दुसऱ्याला ‘एवढंही तपासलं नाहीत’ म्हणायच्या कमेंटमध्ये.

मूळ पोस्टमध्ये राजगृहाचं श्रावस्ती केलंय. सहाव्या पायरीचं वाक्य तसंच ठेवलंय.