प्रायॉरिटी 10 दिली म्हणून थ्रेड आधी चालत नाही

मुलाखतीच्या तयारीसाठी फिरणाऱ्या जावाच्या टिपणांत एक सल्ला हमखास आढळतो: महत्त्वाच्या थ्रेडला (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) प्रायॉरिटी 10, म्हणजे सर्वांत वरचा अग्रक्रम, द्या, बाकीच्यांना सर्वांत खालचा 1 द्या, त्यांना मधूनमधून यील्ड करायला, म्हणजे स्वतःहून सीपीयू सोडायला, लावा, मग महत्त्वाचे काम आधी पूर्ण होते आणि लॉकचीही (सामायिक माहितीला एका वेळी एकाच थ्रेडला हात लावू देणाऱ्या कुलपाची) गरज राहत नाही. या सल्ल्यातले एकही विधान टिकत नाही. शिकणारी मुले ते पाठ करतात आणि नोकरीत तेच गृहीत धरून कोड लिहितात, म्हणून त्याचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान 10 आणि 1 यांतल्या फरकाचे. हे आकडे जावाचे आहेत. सीपीयू कोणाला द्यायचा हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, शेड्युलर ठरवतो. लिनक्सवर हॉटस्पॉट हे जावाचे व्हर्च्युअल मशीन हा आकडा मुळात कर्नलपर्यंत पोहोचवतच नाही, कारण तशी सेटिंग सुरुवातीपासून बंद असते. खात्री करायची असेल तर नुसती मोजणी करणारे दोन थ्रेड लिहा, एकाला 10 व दुसऱ्याला 1 द्या, लिनक्सची टास्कसेट ही आज्ञा वापरून दोघांना सीपीयूच्या एकाच कोअरवर बांधा आणि थोड्या वेळाने दोन्ही मोजण्या पाहा. त्या जवळपास सारख्याच निघतात. विंडोजवर आकडा पोहोचतो, पण तिथे दहा पातळ्यांच्या पाचच होतात आणि 9 व 10 एकाच पातळीवर येतात.

प्रायॉरिटी कर्नलपर्यंत पोहोचली, तरी "आधी पूर्ण होते" हे खरे ठरत नाही. लिनक्सवरच्या सर्वसाधारण थ्रेडसाठी नाइसचे मूल्य (लिनक्सचा प्रायॉरिटीचा आकडा; तो जितका मोठा तितकी प्रायॉरिटी कमी) फक्त वाटा ठरवते, क्रम नाही: नाइस 0 चे वजन 1024 आणि नाइस 19 चे 15, म्हणजे एकाच कोअरसाठी झगडणाऱ्या अशा दोन थ्रेडपैकी दुसऱ्याला सुमारे दीड टक्का वेळ मिळतो, पण मिळतो. शिवाय कोअर चार असतील, तर कमी प्रायॉरिटीचा थ्रेड शेजारच्या कोअरवर त्याच क्षणी निवांत चालू असतो.

यील्डबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जावाच्या दस्तऐवजातच ती शेड्युलरला दिलेली निव्वळ सूचना असल्याचे म्हटले आहे आणि शेड्युलर तिच्याकडे दुर्लक्ष करू शकतो.

सर्वांत घातक विधान लॉकचे आहे. प्रायॉरिटी लॉकची जागा घेत नाहीच. उलट दोन्ही एकत्र आल्यावर काय होते, हे 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाने दाखवले. तिथे शेड्युलर प्रायॉरिटी काटेकोरपणे पाळणारा होता. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कमी प्रायॉरिटीच्या टास्कने (तिथे थ्रेडला टास्क म्हणतात) एक लॉक धरला. माहितीची बस (यानाच्या भागांमध्ये माहिती वाहून नेणारा मार्ग) सांभाळणारा उच्च प्रायॉरिटीचा टास्क त्याच लॉकसाठी थांबला. इतक्यात मधल्या प्रायॉरिटीचा, बराच वेळ चालणारा संदेशवहनाचा टास्क आला आणि हवामानाच्या टास्कला सीपीयूच मिळेना, त्यामुळे लॉकही सुटेना. उच्च प्रायॉरिटीचे काम वेळेत झाले नाही म्हणून वॉचडॉगने, म्हणजे कामे वेळेत होतात का यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने, संपूर्ण संगणक रीसेट केला, आणि हे पुन्हा पुन्हा घडले. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर दोष सापडल्यानंतर अभियंत्यांनी त्या लॉकची 'प्रायॉरिटी इनहेरिटन्स' सुरू केली: उच्च प्रायॉरिटीचा टास्क वाट पाहत असेपर्यंत लॉक धरणाऱ्याला त्याचीच प्रायॉरिटी मिळते. कोणत्याही टास्कची प्रायॉरिटी वाढवून हा प्रश्न सुटला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. दुरुस्ती लॉकमध्येच करावी लागली.

एक काम दुसऱ्याच्या आधी व्हायलाच हवे असेल, तर ते कोडमध्ये स्पष्ट लिहावे: आधीचे काम संपेपर्यंत थांबवून ठेवणारे जावाचे जॉइन किंवा काउंटडाउनलॅच वापरावे. तातडीची कामे आधी उचलायची असतील, तर ती प्रायॉरिटी-क्यूमध्ये, म्हणजे तातडीनुसार लावलेल्या रांगेत, टाकावीत आणि थ्रेड सर्व समान ठेवावेत. वेळेचे बंधन खरोखर कडक असेल, तर लिनक्सवर शेड-फिफोसारखे (SCHED_FIFO), प्रायॉरिटी काटेकोरपणे पाळणारे रिअल-टाइम धोरण आणि त्यासोबत प्रायॉरिटी इनहेरिटन्स असलेले म्युटेक्स, म्हणजे लॉक, वापरावे लागतात, आणि त्यासाठी साध्या वापरकर्त्याला नसलेली परवानगीही मिळवावी लागते.