‘डबल ओटी बंद झाला’ म्हणे!

आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कामगारांच्या ग्रुपवर पगार आणि ओटीबद्दल (ओटी म्हणजे ओव्हरटाइम, जादा तासांचं काम) एक मेसेज फिरतोय: ‘नव्या लेबर कोडमुळे डबल ओटी बंद. महिना पगार असेल तर ओटी मागताच येत नाही. नोटीस न देता काम सोडलं तर शेवटचा पगार बुडाला. ठेकेदार पळाला तर कंपनी जबाबदार नाही. फुल अँड फायनलवर सही केली की विषय संपला.’ मी अकरा वर्षं याच पट्ट्यात पगारपत्रकं बनवली. हा मेसेज वाचून माणसं घामाचे पैसे सोडून देतायत, ते बघवत नाही.

आधी डबल ओटी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड, म्हणजे कामगार संहिता, लागू झाल्या, एवढं खरं. पण त्यातल्याच वेतन संहितेचं कलम १४ सांगतं की जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुपटीपेक्षा कमी देता येणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातही कलम ५९ प्रमाणे दुप्पटच होतं. दर बदललेला नाही. उलट आता जादा वेळ थांबवायचं तर कामगाराची संमती लागते. कोरोनात गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच दर, अशी सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळात राबलेल्यांना ओटीचे पैसे द्यायला सांगितले. महामारीचं कारणही तिथे पुरलं नाही.

हा फरक किती रुपयांचा आहे ते बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० असतील, तर २६ ने भागून दिवसाचे ६००, आठने भागून तासाचे ७५. ओटीचा तास झाला १५० रुपये. रोज दोन तास थांबलात तर २६ दिवसांचे ७,८००. सिंगल ओटी घेतलात की ३,९०० गेले. एका मुलाची शाळेची फी आहे ती.

महिना पगाराचं म्हणाल, तर पगार रोजाने मिळतो की महिन्याने, यावर ओटी ठरत नाही. व्यवस्थापनातली माणसं आणि वरच्या पगाराचे सुपरवायझर त्यातून वगळले जातात, हे मान्य. पण मशिनवर उभ्या असलेल्या माणसाला कागदावर ‘एक्झिक्युटिव्ह’ केलं म्हणून तो व्यवस्थापक होत नाही.

नोटिशीची अट करारात असेल तर तिचा हिशेब वेगळा. तेवढ्यावरून केलेल्या कामाचा सगळा पगार गिळता येत नाही. राजीनामा असो वा काढून टाकलेलं असो, दोन कामाच्या दिवसांत देणं चुकवायचं असतं. ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ याला कायद्यात जागा नाही.

ठेकेदार पळाला तर मूळ कंपनीने पगार द्यायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे आणि नव्या संहितेतही आहे.

राहिली ‘फुल अँड फायनल’वरची, म्हणजे काम सोडतानाच्या शेवटच्या हिशेबावरची सही. मागच्या महिन्यात एक हेल्पर घरी आला. हातात किराणा दुकानाची जाहिरात असलेली खिशातली डायरी. पानापानावर आत-बाहेरच्या वेळा, ओटीचे तास लाल पेनाने गोल केलेले, काही पानांना ग्रीसचे अंगठे. कंपनीच्या हजेरी-मस्टरवर मात्र रोज आठच तास. जाताना त्याच्याकडून ‘सर्व देणी मिळाली’ अशी सही घेतलेली. तो मान खाली घालून म्हणाला, “दादा, सही केली ना मी.”

कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देण्याचा करार वेतन संहितेच्या कलम ६० नुसार मुळातच रद्द ठरतो. आणि पगार दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ नुसार मालकावर असते, कामगारावर नाही. दावा मान्य झाला तर थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. दहापट ही कमाल मर्यादा आहे, तेवढी मिळेलच असं नाही.

काम सुटून त्याला सहा महिने झाले होते, आता उशीर झाला असं तो धरून बसला होता. जुन्या कायद्यात मुदत एका वर्षाची होती, आता तीन वर्षांची आहे. आम्ही दोघांनी बसून डायरीच्या प्रत्येक पानाचे फोटो काढले, बँकेचं स्टेटमेंट आणि सुपरवायझरचे ‘आज थांबायचंय’ असे मेसेज जोडले. सोमवारी तो अर्ज घेऊन लेबर ऑफिसला गेला.